साठ फोटोंचा वाल

गेल्या वर्षी जुलै महिन्यात सहावीच्या वर्गात आम्ही वालाचे एक बी कुंडीत पेरले. कोंब मातीबाहेर डोकावल्यावर ती कुंडी खिडकीजवळच्या बाकावर ठेवली आणि तिच्यासमोर दोन विटांच्या फटीत माझा जुना मोबाइल उभा केला. त्याची काच तडकलेली आहे, सिमकार्ड कधीच काढून घेतलेले आहे, पण कॅमेरा शाबूत आहे. विटा जिथे ठेवल्या तिथे मुलांनी खडूने चौकट आखली, म्हणजे झाडलोट करताना कोणी विटा हलवल्या तरी त्या पुन्हा जागेवर बसवता येतील. साडेदहा ते साडेचार या वेळात दिवसाला सहा फोटो घ्यायचे आणि दहा दिवसांनी ते एकामागून एक चालवून बघायचे, एवढेच ठरले होते.

दहा दिवसांत साठ फोटो झाले. एका सेकंदाला बारा फोटो या हिशेबाने ते जोडले तेव्हा हाती आला तो पाच सेकंदांचा चित्रपट. तो संपला आणि वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, एवढंच?” भागाकाराचे उत्तर इतके जिव्हारी लागलेले मी याआधी कधी पाहिले नव्हते. त्याच तासाला मुलांनी न सांगता उलटा हिशेब मांडला, की एक मिनिटाचा चित्रपट हवा असेल तर सातशेवीस फोटो लागतील, म्हणजे रोज सहा या दराने एकशेवीस दिवस, आणि तोपर्यंत वालाला शेंगा येऊन त्या वाळलेल्याही असतील.

या उपद्व्यापाला आपल्याकडे थोर परंपरा आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली इंग्लंडहून कॅमेरा आणला, तेव्हा चित्रपटासाठी पैसे लावायला कोणी सहजी तयार होत नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि त्या रोपाच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण करून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट तयार केला. तो पाहून भांडवल देणारा माणूस तयार झाला. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या विटांच्या तिपाईला वर्गात एकदम प्रतिष्ठा आली.

खरा अभ्यास मात्र त्या पाच सेकंदांत होता. तो चित्रपट आम्ही वीसेक वेळा तरी पाहिला असेल. पहिल्यांदा मुलांच्या लक्षात आले की रोप अधूनमधून उडी मारते. दिवसाच्या सहा फोटोंत ते हळूहळू वर सरकते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फोटोत एकदम उंच झालेले दिसते. यावरून एका गटाने निष्कर्ष काढला की रोपे रात्रीच वाढतात. मी त्यांना फक्त इतकेच विचारले की साडेचारपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेदहापर्यंत किती तास होतात. अठरा तासांची वाढ आणि सहा तासांची वाढ शेजारी ठेवून ‘जास्त कोणती’ असे विचारण्यात फसवणूक आहे, हे मुलांना स्वतःलाच उमगले. मग पट्टी घेऊन ताशी वाढ काढण्याचा खटाटोप सुरू झाला. सर्वांत मोठी उडी सोमवारी दिसत होती, कारण रविवारी शाळेला कुलूप होते. नोंद नाही म्हणजे वाढ नाही असे नसते, हे सांगायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची होती. रोप खिडकीकडे झुकत जाते हे सर्वांना दिसत होते, पण सातव्या दिवशी ते अचानक वर्गाच्या दिशेला झुकलेले दिसले आणि पुढच्या दोन दिवसांत पुन्हा खिडकीकडे वळले. बरीच चौकशी झाल्यावर एका मुलीने कबूल केले की बाक पुसताना कुंडी उचलली आणि ठेवताना ती फिरली. सजीवांची लक्षणे शिकताना ‘चेतनाक्षमता’ (म्हणजे आजूबाजूच्या बदलाला प्रतिसाद देणे) हा शब्द याच मुलांनी वहीत लिहिला होता, पाठ केला होता आणि चाचणीत त्याला गुणही मिळवले होते. त्या दिवशी मात्र एकाने विचारले, “म्हणजे त्याला कळलं की आपल्याला फिरवलंय?” या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, आणि तो चाचणीत येणारही नाही, पण चेतनाक्षमतेचा पाठ माझ्या मते त्या प्रश्नापाशी सुरू झाला.

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, सरकारच्या दीक्षा ॲपवर पाठागणिक व्हिडिओ मिळू लागले, त्याचा मलाही उपयोग होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत क्यूआर कोडचा वापर करणारे रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या माना ताठ झाल्या होत्या. परंतु दुसऱ्याने बनवलेला व्हिडिओ पाहणे आणि स्वतः एखादा बनवणे या दोन क्रिया मुलाच्या डोक्यात अगदी वेगळ्या ठिकाणी घडतात, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत चालले आहे. पाहताना न समजलेला भाग सहज निसटून जातो. बनवताना तो निसटत नाही, कारण तिथेच काम अडते.

अपूर्णांकांच्या बाबतीत हे मला फार स्पष्ट दिसले. ‘एक तृतीयांश म्हणजे काय’ हे एका मिनिटात दाखवा, असे मी गटांना सांगितले होते. एका गटाने डब्यातली भाकरी घेतली आणि पट्टीने मोजून, दोन समांतर रेषांवर सुरी चालवून तिचे तीन पट्टे केले. तिन्ही पट्ट्यांची रुंदी अगदी सारखी होती. कॅमेऱ्यासमोर बोलणारी मुलगी ठरलेले वाक्य म्हणू लागली, “हे तीन समान भाग आहेत, त्यातला हा एक...” आणि मधला पट्टा हातात धरून थांबली. चित्रणात तो विराम स्पष्ट दिसतो. ती भाकरीकडे बघते, कडेच्या तुकड्याकडे बघते आणि कॅमेरा चालू आहे हे विसरून म्हणते, “अगं, मधला मोठा हाय.” वहीत याच मुलीने वर्तुळाचे तीन भाग करून एक रंगवला असता, तर मी घाईत त्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले असते. ‘समान’ या शब्दाचा अर्थ तिने रुंदी असा घेतला आहे, हे मला कळलेही नसते. ती भाकरी नंतर मधोमध कापून कशी वाटली, यावर गटात थोडे भांडण झाले. ते चित्रणात नाही.

इतिहासाचा प्रकल्प आम्ही आवाजाचा केला, कारण चित्रणात मुले दृश्याच्या मागे लागतात आणि शब्द ढिले पडतात. आमचा तालुका जुन्नर. सहावीला प्राचीन भारताचा इतिहास आहे, सातवाहन त्यात येतात, आणि सातवाहनांचा नाणेघाट आमच्याच तालुक्याच्या कडेला कोकणात उतरतो. दिवाळीनंतर आम्ही तिथे गेलो. घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, ज्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजकुटुंबाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या, त्यांपैकी आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मुलांना लेखापेक्षा ती पावले अधिक भावली. पूर्ण माणूस नाहीसा होऊन फक्त पाय उरतात, ही गोष्ट त्यांना काहीशी भीतिदायक आणि म्हणूनच फार आकर्षक वाटत होती.

परत आल्यावर प्रत्येक गटाने दीड मिनिटाची ध्वनिफीत करायची होती. पहिल्या खर्ड्यात पाचही गटांनी एकच वाक्य लिहून आणले: “नाणेघाट हा प्राचीन काळातील एक महत्त्वाचा व्यापारी मार्ग होता.” ते खोटे नव्हते, परंतु त्यासाठी घाट चढून जाण्याची गरज नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात कल्पनाशक्ती मोकाट सुटली. एका गटाच्या जकातदाराने दगडी रांजण सोन्याच्या नाण्यांनी भरून टाकला. तेव्हा मी एक नियम घातला, जो आता आमच्या वर्गात कायमचा झाला आहे. संहितेतल्या प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक अक्षर लिहायचे: पाहिले असेल तर ‘पा’, वाचले असेल तर ‘वा’, कोणी सांगितले असेल तर ‘ऐ’ आणि आपण तर्क केला असेल तर ‘त’. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, हे ‘पा’. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, हे ‘ऐ’. तो सोन्याने भरत असे, याला ‘त’ सुद्धा देता येईना, म्हणून ते वाक्य गेले. त्या गटाने ते गाळताना चांगलीच हुज्जत घातली, परंतु शेवटी ध्वनिफितीत त्यांनीच एक सुंदर जागा शोधली: “हा रांजण जकातीचा होता असे लोक सांगतात. आम्ही आत वाकून पाहिले. आत पावसाचे पाणी होते.”

लेखातल्या दक्षिणेच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत, हे कळल्यावर गणिताचा एक तास अनायासे मिळाला. त्या अंकपद्धतीत शून्य नाही. दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी निराळी चिन्हे आहेत. एका मुलाने त्या पद्धतीने बेरीज मांडायचा प्रयत्न केला आणि दहा मिनिटांत हात टेकले. स्थानिक किंमत ही काय सोय आहे, हे त्याला मी चौथीपासून सांगत होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाणेघाटावर केलेले पहिल्या दिवसाचे सगळे ध्वनिमुद्रण वाया गेले, कारण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यापुढे मुलांचे आवाज ऐकूच येत नव्हते. पुढे शाळेत दप्तरांच्या ढिगाआड बसून आणि फोनभोवती हातरुमाल गुंडाळून ते पुन्हा केले. दीड मिनिटाच्या ध्वनिफितीला सहा तासिका लागल्या. एवढा वेळ प्रत्येक पाठाला देता येत नाही, आणि द्यावाही असे मला वाटत नाही; पाढे पाठ करण्यासाठी कॅमेऱ्याची काहीच आवश्यकता नाही. वर्षातून तीन प्रकल्प, तेही ज्या ठिकाणी मुले नेमकी चुकतात असा अनुभव आहे त्याच पाठांवर, हे प्रमाण मला झेपते. 2010 पासून आपल्याकडे आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहे. तिथे विकत आणलेल्या चित्रांचे तक्ते चिकटवण्याऐवजी हे बसवता येते.

संकलन मात्र मी कधीही स्वतः करत नाही, मग ते कितीही ओबडधोबड होवो. मुलाने चार मिनिटे बोललेले दीड मिनिटात आणताना काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा जो वाद गटात होतो, तोच त्या विषयाचा खरा अभ्यास असतो. तो शिक्षकाने परस्पर उरकला, तर मुलांच्या वाट्याला फक्त हौस उरते. एकदा एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी भाकरीचा व्हिडिओ पाहून मला प्रेमाने सुचवले होते की सुरुवातीला शाळेचे नाव फिरत येऊ द्या, मागे थोडे संगीत टाका आणि ते अडखळणे तेवढे कापा. मी मान डोलावली आणि अडखळणे तसेच ठेवले. मुलांचे चेहरे असलेले कोणतेही चित्रण मी समूहांवर पाठवत नाही. पालक सभेत पडद्यावर दाखवते आणि पुसून टाकते. बाहेर जाते ते फक्त हातांचे चित्रण किंवा आवाज, आणि तेही पालकांची परवानगी असेल तरच.

फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाला आम्ही आमच्याच तालुक्यातल्या खोडदला जाणार आहोत. तिथली रेडिओ दुर्बीण म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना काही किलोमीटर पसरलेल्या आहेत. आमच्या कित्येक मुलांनी त्या रोज एसटीच्या खिडकीतून पाहिल्या आहेत, पण त्या नेमके काय ऐकतात हे त्यांना ठाऊक नाही. परवा प्रकल्पाचे गट पाडले, प्रश्नांची यादी झाली, आणि मग मी सांगितले की आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरींत अडथळा येऊ नये म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात. वर्गात पुन्हा एकदा शांतता पसरली. “मग शूटिंग कसं करायचं?” या प्रश्नावर पंधरा मिनिटे खल झाला. शेवटी भाकरीवाल्या मुलीने चित्रकलेच्या वहीचे पान सहा चौकटींत आखले आणि पहिल्या चौकटीत बंद फोन काढला.