वस्तूवर नाव कोणाचं?

आमच्या डिझाइनच्या अभ्यासक्रमात 'समाज, संस्कृती आणि डिझाइन' या विषयाला लेखी परीक्षा नसते. सत्रभर बाहेरचे वक्ते येतात. प्रत्येक व्याख्यानानंतर जर्नल लिहायचं आणि शेवटी त्यातला एक धागा धरून ज्युरीसमोर काम मांडायचं. व्याख्यानाचा सारांश लिहिला तर जर्नल परत येतं, हे सीनियर्सनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून मी एक प्रश्न ठरवला आणि तोच दर वेळी वहीच्या कोपऱ्यात लिहीत गेले: ही वस्तू केली कोणी, आणि नाव कोणाचं झालं?

सुरुवात लोट्यापासून झाली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात ते लोट्याबद्दल विचारतात: तो कमरेवर कसा बसेल, भरलेला आणि रिकामा कसा तोलला जाईल, धार कशी पडेल, किंमत किती असेल? असा लोटा एकट्यादुकट्याला सुचणार नाही, तो पिढ्यान् पिढ्या घडत आला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पण पुण्यात तांबट आळी आहे, तिथे ठोके मारणारी माणसं आहेत. नुसतं 'पिढ्या' म्हटलं की ती माणसं दिसेनाशी होतात, असं मी जर्नलमध्ये लिहिलं.

जयपूर फूटवरचं व्याख्यान त्याच्या पुढचं. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागायचा. त्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतातल्या चिखलात उतरता येत नसे. १९६८च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, अनवाणी चालता येईल असा पाय तयार केला. १९८१चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. डॉक्टरांचं काम मोठंच आहे, पण शर्मांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग आली कोल्हापुरी चप्पल, आणि माझं काम तिथेच ठरलं. जून २०२५मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचा उल्लेख न करता. इकडून आक्षेप आल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं अशी कायदेशीर नोंद, मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. वर्गात सगळे प्राडावर चिडले होते. व्याख्यात्या ताईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या पायातली चप्पल कोणी शिवली, सांगा." कुणालाच सांगता आलं नाही.

सुट्टीत मी कोल्हापूरला गेले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणं, तळ कापणं, पट्टे, कान, अंगठा जोडणं, प्रत्येक कामाचे हात वेगळे. वेणी घालायचं बारीक काम बहुतेक बायकांकडे, घरातली कामं उरकता उरकता. मी ठरवलं, प्रत्येक जोडासोबत एक छोटा कागद द्यायचा आणि त्यावर या सगळ्यांची नावं लिहायची.

नमुना दाखवला तेव्हा वेणी घालणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "नाव घाल बाळा, आडनाव नको. आडनावावरून जात कळते, मग गिऱ्हाईकाची नजर बदलते." शेजारच्या तरुण कारागिराचा आग्रह अगदी उलटा होता: आडनावासकट छाप, हे आमच्या समाजाचं काम आहे, लपवायचं कशाला?

दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं. जर्नलमधली सगळ्यात लांब नोंद याच दुपारची आहे.

ज्युरीत खर्चाविषयी विचारलं गेलं, त्याचं उत्तर तयार होतं. मग एका परीक्षकांनी विचारलं की नाव कसं छापायचं हे कोण ठरवणार. मी कागदाचा साचा त्यांच्यापुढे ठेवला. त्यात नावाची ओळ कोरी ठेवली आहे. ती ज्याची त्यानं भरायची, हवी तेवढी, किंवा अजिबात नाही. आता तो साचा कन्नडमध्येही करायचा आहे, कारण चार जिल्हे पलीकडचे आहेत.