नऊ नंबरची कॅसेट सुटली: दोष डेकचा नव्हता

आजीच्या आवाजाच्या जुन्या कॅसेट मी डेकवर वाजवून संगणकात उतरवतोय. मागच्या वेळी डेकचा बेल्ट बदलल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर तीन आठवडे आजीच्या एकाच, नऊ नंबरच्या कॅसेटपाशी अडकलो होतो. काल रात्री ती सुटली, म्हणून लगेच लिहितोय.

सुरुवातीला आवाज मोकळा, 'स' आणि 'श' टोकदार. सातव्या-आठव्या मिनिटापासून मात्र आजी गोधडीत तोंड घालून बोलतेय असं वाटायचं. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसलं, डीमॅग्नेटाइझ केलं म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व घालवलं, टेप ओढणारा पिंच रोलर साफ केला, फरक शून्य. (कोरड्या क्लीनिंग कॅसेटच्या वाटेला मी जात नाही, त्या हेड घासतात.) ॲझिमथचा, म्हणजे टेपशी हेडचा कोन ठरवणारा, स्क्रू केसभर फिरवला की आवाज उघडायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा मिटायचा.

शेवटी कानांवर विसंबणं सोडलं. कॅसेट मोनो रेकॉर्डरवर भरलेली, त्यामुळे स्टीरिओ हेडच्या दोन्ही चॅनलवर एकच आवाज येतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलचे (सेकंदाला ४८ हजार वेळा घेतलेल्या आवाजाच्या नोंदींचे) ठिपके दिसेपर्यंत झूम केलं. पहिल्या मिनिटाला दोन्हींची शिखरं एका रेषेत, आठव्या मिनिटाला डावा चॅनल अडीच सॅम्पल मागे! टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एका सॅम्पलमागे जेमतेम एक मायक्रॉन. १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर पावणेपाच मायक्रॉनची. त्यामुळे अडीच मायक्रॉनचा फरक पडला की मोनो करताना त्या पट्टीत दोन्ही चॅनल एकमेकांना खाऊन टाकतात. गोधडी ती हीच.

मग त्याच डेकवर दुसरी कॅसेट लावली. अर्धा तास रेष हलली नाही. डेक निर्दोष! नऊ नंबरची कॅसेट उजेडात धरली तेव्हा दिसलं, हेडसमोरच्या पत्तीवरचा नमद्याचा तुकडा एका बाजूने सुटून तिरका झाला होता आणि टेप हेडवर वरखाली सरकत होती.

कवच चिकटवलेलं, स्क्रू नाहीत. सांध्यावरून पातळ पातं हळूहळू फिरवून उघडलं आणि दोन्ही रिळं पाच स्क्रूंच्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. टेपला पीळ बसू नये म्हणून श्वास रोखून काम केलं. कोरी कॅसेट घ्यायचीच तर स्क्रूवाली घ्या, टेप साधी असली तरी कवच कामाला येतं.

मग ॲझिमथचा स्क्रू एकदाच जुळवला आणि पूर्ण बाजूभर फरक अर्ध्या सॅम्पलच्या आत! अकराव्या मिनिटाला आजी बोलायच्या आधी श्वास घेते, तो ऐकू येतो. मागे पंख्याची टिकटिक आहे. ती तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. तेवढा तुकडा मी चार वेळा ऐकला.

पुढे नॉइज रिडक्शन, म्हणजे फिल्टरने खरखर कमी करणं, करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, चॅनल जुळलेच आहेत तर आधी त्यांची बेरीज करावी. आवाज दोन्हीकडे सारखा आणि खरखर वेगवेगळी, त्यामुळे खरखर आवाजाच्या मानाने ३ डेसिबलने उतरते, तीही 'स'ला धक्का न लावता. फिल्टरची गरज पडली तर त्यानंतर, अगदी हलका.

याचा अर्थ तीन आणि पाच नंबर पुन्हा करायला हव्यात. त्या मी ॲझिमथ न तपासता थेट मोनोत घेतल्या होत्या. आता सगळं आधी स्टीरिओत, २४ बिटला, आणि ॲझिमथचा स्क्रू दर बाजूला नव्याने, त्या त्या रेकॉर्डिंगप्रमाणे. तीन नंबर आत्ता डेकमध्ये आहे, पहिल्या मिनिटाला दीड सॅम्पलचा फरक दिसतोय.