आमची वाटचाल : अडचण दिसण्यापासून उत्तर मिळेपर्यंत

आम्ही धातूचे सुटे भाग बनवतो. टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, मग बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढणं, तपासणी आणि डिस्पॅच. लॉट (एका वेळी बनवायचे नग) लहान, जॉब सतत बदलणारे, माणसं पंधरा-वीस. एवढ्याशा कार्यशाळेत नेतृत्व, कामगारांचा सहभाग आणि नवं काही करून पाहणं हे तीन वेगळे विषय उरत नाहीत. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी खटकतं आणि त्याला उत्तर हवं असतं, तिथे तिन्हींची परीक्षा होते. ते उत्तर किती वेळात मिळतं यावर रिजेक्शन, डिलिव्हरी आणि शेवटी नफा ठरतो, असं आमचं ठाम मत आहे. आमची वाटचाल म्हणजे हा वेळ कमी करत जाण्याचं काम.

सुरुवातीला साधी लेथ मशीनं होती आणि प्रत्येक निर्णय मालकाकडे होता. चार-पाच जॉब एकाच वेळी चालू असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालते, कारण मालक हाकेच्या अंतरावर असतो. सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीनं येतात, ग्राहक वाढतात, मालकाचा अर्धा दिवस कोटेशन आणि खरेदीत जातो, आणि तीच पद्धत अडसर होते. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) लवकर झिजतोय, बारचा व्यास मोठा आलाय, ड्रॉइंगवर एकच माप दोन ठिकाणी वेगळं दिलंय, असे प्रश्न साहेब येईपर्यंत पडून राहतात. मशीन थांबलं तर निदान तोटा दिसतो. ऑपरेटर अंदाजाने पुढे गेला तर तो तोटा पूर्ण लॉट तपासणीला आल्यावर कळतो.

या खोळंब्याचा हिशेब करायला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो. कारखान्यात सरासरी २४ जॉब कार्डं उघडी असतील आणि रोज ३ पूर्ण होत असतील, तर एका जॉबला सरासरी ८ दिवस लागणार. ग्राहकांची घाई आहे म्हणून आणखी १२ कार्डं मशीनवर सोडली आणि पूर्ण होण्याचा वेग ३ च राहिला, तर तेच ८ दिवस १२ होतात. म्हणून नवं कार्ड जुनं बाहेर पडल्यावरच सोडायचं. हा नियम मालकानेच सर्वांत कसोशीने पाळावा लागतो, कारण तो मोडण्याचा अधिकार आणि मोह दोन्ही त्याच्याकडेच असतात.

पुढचं काम म्हणजे कोणी काय ठरवायचं याच्या लेखी मर्यादा. ‘तुम्हीच निर्णय घ्या’ असं नुसतं सांगून काही होत नाही. माणूस मर्यादा कुठे आहे ते चाचपडत राहतो आणि एकदा ओरडा बसला की परत विचारायला येतो. आमच्याकडे ऑपरेटर कोणालाही न विचारता मशीन थांबवू शकतो, इन्सर्ट बदलू शकतो आणि ठरलेल्या मर्यादेत ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) सुधारू शकतो. सुपरवायझर त्या दिवसापुरता जॉबचा क्रम बदलू शकतो, पर्यायी टूल वापरू शकतो आणि ठरावीक रकमेपर्यंत खरेदी करू शकतो. मटेरियल बदलणं किंवा टॉलरन्सबाहेरच्या (मापात चालणाऱ्या फरकाबाहेरच्या) मालासाठी ग्राहकाची परवानगी मागणं मालकाकडे. टॉलरन्सबाहेरचा नग ‘चालून जाईल’ असं ठरवण्याचा अधिकार मात्र इथे कोणालाच नाही, मालकालाही नाही.

ऑफसेटची मर्यादा जरा खोलात सांगायला हवी, कारण अधिकार दिला आणि पद्धत शिकवली नाही तर काय होतं ते इथे स्पष्ट दिसतं. समजा व्यासाला ±०.०५ मिमी टॉलरन्स आहे. नग ०.०१ ने मोठा आला की लगेच ०.०१ ने ऑफसेट कमी, पुढचा ०.०१ ने लहान आला की परत वाढव, असं प्रत्येक नगानंतर केलं तर मापांचा पसारा वाढतो. मशीन, मटेरियल आणि मोजमाप यांतला स्वाभाविक फरक दोष समजून आपण त्याचा पाठलाग करत असतो. म्हणून पाच नग मोजायचे, ते सलग एकाच दिशेला सरकत असतील किंवा त्यांची सरासरी मूळ मापापासून टॉलरन्सच्या अर्ध्यापलीकडे, म्हणजे ०.०२५ मिमीच्या पुढे गेली असेल, तरच दुरुस्ती. एकच नग उडी मारून आला असेल तर आधी जॉमध्ये (नग धरणाऱ्या जबड्यांत) चिप (धातूची कातरण) अडकली आहे का ते बघायचं.

सकाळची बैठक दहा मिनिटांची, फळ्यासमोर उभ्यानेच. सुरक्षेची बाब, काल रिजेक्ट झालेले नग प्रत्यक्ष टेबलावर, आजचे सेटअप (नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं), न आलेलं मटेरियल, गैरहजर माणसं, या क्रमाने. ही बैठक दोन कारणांनी बिघडते. रिजेक्शनची चर्चा ‘कोणी केलं’ इथे वळली की पुढच्या आठवड्यापासून खराब नग टेबलावर येणं बंद होतं आणि ते भंगाराच्या पेटीत तळाशी सापडू लागतात. दुसरं, एखाद्या अडचणीवर तिथेच उपाय शोधायला बसलं की दोघं बोलतात आणि बाकीचे ताटकळतात. उपायासाठी नाव आणि वेळ ठरवायची, बैठक संपवायची.

सहभागाबद्दल बोलताना बहुतेक ठिकाणी सूचनापेटी आठवते. ती रिकामी का राहते याचं कारण साधं आहे: चिठ्ठी टाकल्यावर काहीच परत येत नाही. टोयोटाने आपली सूचना योजना १९५१ मध्ये सुरू केली आणि ती टिकली. आमच्या अनुभवात अशी योजना टिकते ती प्रत्येक सूचनेला उत्तर मिळाल्यामुळे. आम्ही पेटी काढून फळा लावला. त्यावर चार रकाने: काय खटकलं, कोणाला, उत्तर कोणत्या तारखेला, काय झालं. तीन कामकाजी दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालतं, पण कारण लिहावं लागतं. ‘बघू’ हे उत्तर फळ्यावर लिहायची परवानगी नाही. सूचना लहान असेल तर एका मशीनवर आठवडाभर करून पाहायची, आणि ती करून पाहायची ज्याने सुचवली त्यानेच.

प्रत्येक सूचनेला रोख बक्षीस द्यावं का, हा प्रश्न नेहमी निघतो. आमचं मत विरोधात आहे. कल्पना नेमकी कोणाची यावर ऑपरेटर आणि फिटर यांच्यात वाद सुरू होतात, लोक कल्पना बोलण्याऐवजी राखून ठेवतात, आणि जी सुधारणा दोघांनी मिळून दहा मिनिटांत केली असती ती अर्जाच्या रांगेत जाते. फायद्याचा वाटा मात्र सगळ्यांना मिळायला हवा. त्यासाठी अमेरिकेत पोलाद कामगारांच्या संघटनेत काम केलेल्या जोसेफ स्कॅनलन यांची पद्धत लहान कारखान्यालाही झेपते. मागच्या काळाच्या हिशेबावरून उत्पादनमूल्यात मजुरीचं प्रमाण काढायचं. ते ३० टक्के असेल आणि महिन्याचं उत्पादनमूल्य १०० धरलं, तर ३० पर्यंत मजुरी अपेक्षित. प्रत्यक्षात २६ लागली तर ४ वाचले. त्यातला १ कमी पडणाऱ्या महिन्यांसाठी राखून ठेवायचा, उरलेल्या ३ मधला आधी ठरलेला हिस्सा पगाराच्या प्रमाणात वाटायचा. धोका हा की मालाचे दर किंवा जॉबचं मिश्रण बदललं की मूळ प्रमाणच खोटं पडतं. मजुरी जास्त लागणारे जॉब वाढले तर चांगलं काम करूनही वाटा शून्य येतो. म्हणून प्रमाण कधी आणि कसं तपासायचं हे योजना सुरू करतानाच लिहून ठेवायचं, आणि हिशेब इतका सोपा ठेवायचा की तो प्रत्येकाला स्वतः करून पाहता येईल.

नवं काही करणं म्हटलं की नवं मशीन डोळ्यासमोर येतं. आमच्यासारख्यांसाठी सर्वांत मोठं रान सेटअपमध्ये मोकळं पडलेलं असतं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसचा चार तासांचा डाय (साचा) बदल आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. त्यांची मुख्य पायरी अशी: मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम आणि मशीन चालू असताना करता येणारं काम वेगळं करायचं. एका टर्निंग सेटअपला ७५ मिनिटं लागतात असं धरा. त्यात टूल, जॉ आणि गेज शोधण्यात २०, टूल बसवण्यात १५, सॉफ्ट जॉ (नगाच्या आकाराला कापून घ्यायचे मऊ जबडे) बोअर करण्यात १५, प्रोग्रॅम लोड करून ऑफसेट घेण्यात १०, आणि पहिला नग मोजून मंजूर होईपर्यंत १५. शोधाशोध आदल्या जॉबच्या वेळीच ट्रॉलीवर सामान लावून पूर्णपणे काढता येते. होल्डर आधीच बांधून ठेवले तर १५ ची ५ होतात. पहिल्या नगाची वेळ तपासणीला आधी कळवली तर तिथेही ५ मिनिटं पुरतात. फारसा पैसा न घालता ७५ ची ३५ झाली.

सॉफ्ट जॉची १५ मिनिटं कमी करायला मात्र घाई करू नये. जॉवर जॉब क्रमांक आणि चकमधली जागा कोरून ठेवली की ते परत वापरता येतात, पण पुन्हा बसवल्यावर ते आधीच्या केंद्रावर तंतोतंत येत नाहीत. रनआउटची (फिरताना नग किती डगमगतो याची) मर्यादा कडक असेल तर हलका कट घ्यावाच लागतो. आणि बोअर करताना रिंग पकडून, नग पकडताना असतो तोच दाब ठेवायचा. नाहीतर दाबाखाली जॉ वाकतात आणि नग एकाच टोकाला धरला जातो.

सेटअपचं चित्रीकरण हा पद्धतीचा चांगला भाग आहे आणि विश्वास तोडणाराही. कॅमेरा हातांवर आणि टूलवर ठेवायचा, चित्रफीत आधी ऑपरेटरने स्वतः पाहायची, वेळा त्यानेच लिहायच्या, काम झालं की ती पुसायची. याहून मोठी अट म्हणजे वाचलेल्या वेळेमुळे कोणाचंही काम जाणार नाही हे आधी सांगायचं आणि पाळायचं. एकदा जरी उलट घडलं तरी फळा कोरा पडतो, आणि तो पुन्हा भरायला कोणतंही भाषण पुरत नाही. वाचलेला वेळ आम्ही लॉट लहान करण्यात घालतो. २०० नगांच्या लॉटमधला दोष पुढच्या ऑपरेशनला सापडला तर २०० पर्यंत नग धोक्यात असतात, ५० च्या लॉटमध्ये जास्तीत जास्त ५०.

शिकवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेल्या कारखाना-प्रशिक्षणातून घेतली आहे: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, नंतर लक्ष ठेवणं. प्रत्येक कामाचा कागद तीन रकान्यांचा. पायरी: नग चकमध्ये बसवणं. महत्त्वाचा मुद्दा: जॉ आणि स्टॉप ब्रशने साफ करणं, नग स्टॉपला टेकवून मगच आवळणं. कारण: मागे चिप राहिली तर नग पुढे सरकतो, फेसिंगला (टोक सपाट कापताना) जास्त माल कापला जातो आणि लांबी कमी भरते. हा तिसरा रकानाच लोक गाळतात. कारण माहीत असलेला माणूस नियम घाईतही पाळतो आणि त्याहून चांगला उपायही तोच शोधतो; नग उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या साधनात) पिन घालण्यासारखे उपाय अशाच माणसांकडून येतात. प्रत्येक मशीनवर किमान दोन माणसं तरबेज हवीत. जुना जाणकार आपलं कसब सांगत नसेल तर त्याला दोष देण्याआधी विचार करावा की ते सांगितल्यावर त्याची किंमत कमी होणार नाही याची हमी कोणी दिली आहे का. शिकवण्याचा भत्ता वेगळा ठेवला की ही गाठ बरीच सुटते.

मोजण्यासाठी आम्ही सेइची नाकाजिमा यांनी रूढ केलेला यंत्रकार्यक्षमतेचा हिशेब वापरतो. ४८० मिनिटांची पाळी, ३० मिनिटं सुट्टी, म्हणजे ४५०. सेटअप आणि थांबण्यात ९० गेली, तर मशीन ३६० मिनिटं उपलब्ध: ८० टक्के. एका नगाला २ मिनिटं धरून १८० नग व्हायला हवेत, झाले १५३: ८५ टक्के. चांगले १४७: ९६ टक्के. गुणाकार सुमारे ६५ टक्के. सगळीकडे सांगितला जाणारा ८५ टक्क्यांचा आदर्श मोठ्या लॉटच्या कारखान्याला शोभतो. दिवसातून तीन-चार जॉब बदलणाऱ्याने त्याच्यामागे लागलं तर लॉट मोठे होतात आणि गोदाम भरतं. हा आकडा पगाराला जोडायचा नाही. जोडला की थांबल्याच्या नोंदी लिहिल्याच जात नाहीत, आणि त्याच नोंदींसाठी तर हा सगळा खटाटोप असतो. थांबण्याची कारणं सहा-सातच ठेवावीत. ‘इतर’चा रकाना फुगू लागला तर यादी बदलायची वेळ झाली असं समजावं.

प्रयोगांसाठी आठवड्यातली अर्धी पाळी एका ठरलेल्या मशीनवर राखलेली आहे. ती नुसती तोंडी राखली तर डिस्पॅच उशिरा झाला की पहिला बळी तिचाच जातो. म्हणून तिचंही जॉब कार्ड निघतं, त्यावर क्रमांक असतो आणि नियोजनात ते इतर जॉबसारखंच धरलं जातं. कार्डावर तीन ओळी: काय बदलणार, काय अपेक्षित, कोणत्या निकालावर थांबणार. एका वेळी एकच बदल. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि इन्सर्टचा ग्रेड एकदम बदलला तर फिनिश कशामुळे सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या जॉबला त्या प्रयोगाचा उपयोग होत नाही.

सध्या आमचं लक्ष दुसऱ्या पाळीवर आहे, कारण उत्तराला सर्वांत जास्त वेळ तिथे लागतो. दोन्ही पाळ्या दहा मिनिटं एकमेकींवर येतील अशा लावल्या आहेत आणि मशीनपाशीच चार नोंदी सोपवल्या जातात: शेवटी मोजलेलं माप, इन्सर्टवर झालेले नग, फळ्यावरचे अनुत्तरित प्रश्न, आणि मशीनच्या आवाजात किंवा तापण्यात जाणवलेला बदल. रात्री सुपरवायझर नसताना ऑपरेटरच्या मर्यादा किती वाढवाव्यात याची यादी पाळीतल्या लोकांनी स्वतः लिहिली असून ती एकेक कलम घेऊन लागू होत आहे. पहिलं कलम असं आहे: पहिल्या नगाची मंजुरी दुसऱ्या मशीनच्या ऑपरेटरने, वेगळ्या मायक्रोमीटरने मोजून द्यावी.