चाळणीचा तडा आणि एक कोटी हिसके

"मॅडम, त्याच जागी गेली जी प्लेट." क्रशरवरच्या मिस्त्रींचा दोन महिन्यांतला हा तिसरा फोन. एप्रिल संपत आला होता आणि या वेळी वेल्डिंग मशीन पाठवायचं नाही, असं मी ठरवलं.

आमची शेड नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आहे. तिथे बनलेली एक व्हायब्रेटिंग स्क्रीन, म्हणजे हिसके देऊन गिट्टी चाळणारी मोठी चाळणी, उमरेड रोडच्या बाजूला एका गिट्टी क्रशरवर बसवली होती. ड्रॉइंग माझंच. आठ मिलिमीटरच्या साइड प्लेटला आतून एक ब्रॅकेट वेल्ड केलेला होता आणि त्याच्या टाक्याच्या काठावर एकोणिसाव्या दिवशी पहिला तडा गेला. तड्याच्या टोकाला ड्रिल मारलं, ग्राइंडरने खाच करून वेल्ड भरलं, वरून पट्टी ठोकली. पुढचा तडा पट्टीच्या कडेने निघाला. तिथेही तेच केलं.

क्रशरच्या मालकांना वाटलं, प्लेट हलक्या दर्जाची आली. मलाही तसंच वाटलं, म्हणून तुकडा कापून टेस्टिंग लॅबला दिला. आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई२५० पोलादाला यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो, किमान २५० मेगापास्कल लागतो, तुटण्याचा ताण ४१० आणि लांबण २३ टक्के. तिन्हीत पास. चार्पी, म्हणजे धक्का सोसण्याची चाचणीही करून घेतली. १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा तुकडा, मधोमध दोन मिलिमीटर खोल व्ही खाच आणि वरून झुलत येणारा हातोडा. तुकडा तोडताना तो किती ऊर्जा गमावतो ते मोजतात. तीनही तुकडे २७ ज्यूलच्या बरेच वर गेले. प्लेट चांगली होती आणि तरी फाटत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि स्क्रीन किती आरपीएमवर चालते, एवढंच विचारलं. ९६० आरपीएम म्हणजे सेकंदाला १६ हिसके. क्रशर दिवसाला वीस तास चालतो, म्हणजे रोज ११ लाख ५२ हजार हिसके, आणि नऊ दिवस भरायच्या आत एक कोटी. लॅबमध्ये प्लेट एकदाच ओढली होती. एकोणिसाव्या दिवसापर्यंत तिने दोन कोटींहून जास्त हिसके खाल्ले होते. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की यील्डच्या बऱ्याच खालचा ताणही पुरेशा वेळा फिरला की पोलाद तुटतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. टेबलावर ड्रॉइंग काढताना मात्र डोळ्यांसमोर २५० हाच आकडा होता.

सरांनी उपकरणं दिली आणि सोबत एक विद्यार्थीही. आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला निघालो, कारण दहानंतर त्या प्लेटला हात लावता येत नाही.

आधी बंद स्क्रीनवर ठोका टेस्ट घेतली. लोहचुंबकावर थरथर मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर चिकटवला, रबरी हातोड्याने साइड प्लेटवर एकेक ठोका दिला आणि प्लेट स्वतःहून कशी थरथरते ते लॅपटॉपवर पाहिलं. आलेखात एक शिखर तीन हर्ट्झच्या (सेकंदाला तीन कंपनं) आसपास, म्हणजे अख्खी स्क्रीन स्प्रिंगांवर डुलते ते. मशीन बंद करताना शेवटी ती वेड्यासारखी हेलकावते, त्याचं कारण तेच. दुसरं शिखर १७.५ वर. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. मोटर १६ वर ढकलते आणि प्लेटची स्वतःची चाल १७.५! इतक्या जवळ असताना तेवढ्याच जोराने प्लेट पाच-सहा पट वाकते.

मग स्ट्रेन गेज, म्हणजे प्लेट ताणली की जिचा विद्युत रोध बदलतो अशी चिकटपट्टी. हे काम मला मनापासून आवडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. रंग काढून एमरी पेपर आडवा-उभा तिरपा घासायचा, मग अ‍ॅसिटोनचा कापूस एकाच दिशेने फिरवायचा आणि दरवेळी नवा घ्यायचा, कापूस पांढरा निघेपर्यंत. नखाएवढा गेज टेपवर उचलून जागेवर आणायचा, खाली चिकटद्रव्याचा एक थेंब, वर टेफ्लॉनचा तुकडा आणि त्यावर अंगठा. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने धरतं. नागपूरच्या मे महिन्यात हवेत ओलावा कुठला? पहिला गेज उचकटून आला. दुसऱ्या वेळी अंगठा तीन मिनिटं हलवला नाही, मिस्त्री समोर घड्याळ धरून उभे होते. १२० ओहमच्या त्या गेजमध्ये जेमतेम ०.०५५ ओहमचा फरक वाचायचा असतो, त्यामुळे सोल्डरचा एक सैल टाकाही चालत नाही.

टाक्याच्या काठापासून थोडं दूर, स्क्रीन चालू असताना, प्रत्येक हिसक्यातल्या सर्वात कमी ते सर्वात जास्त ताणापर्यंत २३० मायक्रोस्ट्रेन भरले, म्हणजे लांबीत दहा लाखांत २३० भागांचा फरक. ताणात ते ४६ मेगापास्कल. यील्डच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी! पण अशा वेल्ड जोडाच्या डिझाइन वक्रावर, म्हणजे किती ताणाला किती हिसके टिकतील ते सांगणाऱ्या आलेखावर, ४६ ला आयुष्य निघालं साधारण ७३ लाख हिसके, म्हणजे आठवडाभराचं. डिझाइन वक्र सावधपणे, खालच्या बाजूने काढलेला असतो, त्यामुळे आमची प्लेट एकोणीस दिवस टिकली यात मला काही नवल वाटलं नाही.

मालक म्हणाले, "मग ई३५० लावू या, जास्त ताकदीचं." त्यांना नाही म्हणणं मला जड गेलं, कारण पैसे तेच देणार होते. पण वेल्डच्या काठावर आधीच सूक्ष्म खाचा असतात, तडा तिथूनच वाढतो, आणि चढ्या ग्रेडच्या पोलादाने ते वाढणं थांबत नाही. आमच्या पट्ट्यांनीही दरवेळी वेल्डचा एक नवा काठच तयार केला होता.

शेवटी साइड प्लेट नवीनच केली. ब्रॅकेटचा वेल्ड काढून टाकला, तिथे रीमरने नेमक्या मापाच्या केलेल्या छिद्रांत लॉकबोल्ट (हिसक्यांनी सैल न होणारे बोल्ट) घातले. बाहेरून उभा अँगल दिला, तोही बोल्टनेच. पुन्हा ठोका दिला तर शिखर २४ हर्ट्झवर गेलं होतं. चालू स्क्रीनवर ८० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे १६ मेगापास्कल.

दहाव्या दिवशी एक कोटी ओलांडून झालं होतं. मी डीपी टेस्टची, म्हणजे रंग झिरपवून तडा शोधायच्या चाचणीची, पेटी घेऊन गेले. लाल डाय मारला, थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. तडा असला की त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मिस्त्री आणि मी दहा मिनिटं प्लेटसमोर उभे होतो. पांढरं पांढरंच राहिलं. मिस्त्रींनी खडूने कोपऱ्यात तारीख लिहिली.

जुन्या ड्रॉइंगवर आमच्याकडून आणखी तीन स्क्रीन गेल्या आहेत. तिन्ही मालकांना मी फोन करून सगळं सांगितलं आणि मशीन थांबवून टाक्यांचे काठ तपासायला लावले. एकाकडे केसाएवढी रेघ सापडली. सोमवारी गेजची पेटी घेऊन तिथे जायचं आहे.