अनीनीच्या काठावर तीन रात्री

हवाईतल्या होनोलुलूहून शेजारच्या कवाई बेटावर विमान जेमतेम पाऊण तासात पोचतं. तंबू, झोपायच्या पिशव्या, पोहण्याचे चष्मे असं सगळं सामान आम्ही बॅगांत कोंबलं होतं. फक्त शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, म्हणून कवाईच्या विमानतळावर, लिहुएला, उतरल्यावर पहिली खरेदी गॅसच्या डब्याची केली. अनीनीच्या किनाऱ्यावर तंबू लावायचा काउंटीचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा, परवाना घरूनच काढून ठेवला होता. तो आधी काढावाच लागतो, आणि आठवड्यातला एक दिवस तिथे तंबू लावायला बंदी असते. तारखा ठरवताना ते बघून घ्यावं.

लिहुएहून उत्तरेला निघालं की कलिहिवाई रोड नावाचे दोन फाटे लागतात. एकाच रस्त्याची ती दोन तुटलेली टोकं आहेत. मधला पूल १९५७ च्या त्सुनामीत वाहून गेला, तो पुन्हा बांधलाच नाही. अनीनीला जायचं तर दुसरा फाटा धरायचा. मला तो रस्ता फार आवडला. समुद्राने काय नेलंय ते नकाशावर अजून दिसतं.

अनीनी बीच पार्क म्हणजे समुद्राला लागून हिरवळीची एक लांब पट्टी. स्वच्छतागृहं, थंड पाण्याचे उघडे शॉवर, बसून जेवायला छपऱ्या. आम्ही तंबू ठोकला बदामाच्या झाडाखाली. शाळेच्या अंगणात असतं ना, लाल होऊन गळणाऱ्या मोठ्या पानांचं, तेच झाड. इथे त्याला फॉल्स कमानी म्हणतात. पहाटे चारपासून कोंबडे आरवतात. बेटभर मोकाट कोंबड्या आहेत, १९९२ च्या इनिकी वादळात खुराडी मोडली आणि त्या रानात गेल्या असं लोक सांगतात.

आणि समोरचं पाणी! प्रवाळाची भिंत किनाऱ्याला समांतर जवळजवळ तीन किलोमीटर गेलेली आहे. लाटा दूर त्या भिंतीवर फुटतात, तिथे पांढरी रेघ दिसते, आणि अलीकडे गुडघ्या-कमरेएवढं हिरवट निळं, निवांत पाणी. लहान मुलं डुंबतात, नवशिके शिडाच्या फळीवर तोल सांभाळायला शिकतात, कयाक घेऊन लोक तासन्‌तास फिरतात. पहिल्या दुपारी नवरा आणि आमची अकरा वर्षांची लेक चष्मे लावून पाण्यात तोंड घालून तरंगायला लागले. मी काठावर बसून भाजी चिरत होते.

शेजारच्या छपरीत एक वयस्क बाई गळ साफ करत होत्या. हवाईत आपल्याहून मोठ्या कुठल्याही बाईला आंटी म्हणतात, नातं असो वा नसो. त्यांनी हातातलं काम न थांबवता मला विचारलं, "तुमची माणसं पाण्यात शिरली तेव्हा कशासमोर होती?" मी म्हटलं, या बदामासमोर. "आणि आता?" मी बघितलं. दोघं पश्चिमेला कितीतरी पुढे, चौथ्या तंबूसमोर होती. त्यांनी हातही मारला नव्हता. मासे बघत नुसती तरंगत होती. मी धावत जाऊन हाका मारल्या. दोघं तिथल्या तिथे उभी राहिली, पाणी छातीपर्यंतच होतं. तरी माझे पाय थरथरत होते.

मग आंटींनी आम्हा तिघांना बसवून समजावलं. भिंतीवर लाट फुटली की तिचं पाणी अलीकडे येऊन पडतं. येतच राहतं. ते परत भिंतीवरून जाऊ शकत नाही, कारण मागची लाट आत ढकलतेच आहे. मग ते काठाकाठाने पश्चिमेकडे सरकतं, आणि तिथे भिंतीला जी खिंड आहे तिच्यातून जोराने बाहेर समुद्रात जातं. पलीकडे लाटा जितक्या मोठ्या, तितकी खिंडीकडची ओढ जास्त. ओहोटीत आणखी जास्त. त्या खिंडीत माणसं बुडालेली आहेत. ज्या भिंतीमुळे पाणी शांत दिसतं, तिच्यामुळेच ते ओढून नेतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आणि अनीनीला जीवरक्षक नसतात.

त्यांनी दिलेला पाठ सोपा होता. पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं बसायचं. पांढरी रेघ किती जाड आहे ते बघायचं. एखादं पान किंवा काटकी तरंगताना दिसली तर ती कुठे चाललीय त्यावर नजर ठेवायची. पाण्यात गेल्यावर काठावरची दोन झाडं धरून ठेवायची, दर काही मिनिटांनी मान वर काढून ती जागच्या जागी आहेत ना बघायचं. ओढ लागलीच तर तिच्याशी झगडायचं नाही, पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा. कवाईच्या अनेक किनाऱ्यांवर खांबाला एक तरंगणारी नळी अडकवलेली असते, ती कुणीही काढून बुडणाऱ्याकडे फेकू शकतं. आपण कुठल्या खांबाजवळ आहोत हे आधी बघून ठेवायचं.

पुढचे दोन दिवस आम्ही तसंच केलं, आणि मजा कमी झाली नाही, उलट वाढली. दोन कासवं दिसली. त्यांच्यापासून निदान तीन मीटर लांब राहायचं. एका सकाळी वाळूवर मंक सील हा समुद्री प्राणी झोपला होता, राखाडी, ओल्या दगडासारखा. त्याच्याभोवती किमान पंधरा मीटर जागा सोडायची असते. लेक तेवढ्या अंतरावर मांडी घालून तासभर त्याचा श्वास मोजत बसली. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तो जिवंत असतो. सनस्क्रीनसुद्धा बघून घ्यावं लागतं: प्रवाळाला घातक मानलेली ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं असलेली सनस्क्रीनं हवाईत १ जानेवारी २०२१ पासून विकायला बंदी आहे. आम्ही सरळ लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे घातले.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. बेटाच्या या उत्तर बाजूला पाऊस काय करू शकतो ते हनालेई गावापलीकडच्या वाइपा या जागेने २०१८ च्या एप्रिलमध्ये पाहिलंय: चोवीस तासांत १,२६२ मिलिमीटर, अमेरिकेतला विक्रम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, त्यावरून कल्पना करा. आमच्या वाट्याला चार तासांची सर आली. तंबू गळला नाही. पण सकाळी ओढ्याच्या मुखापासून पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि भिंतीवरची पांढरी रेघ आदल्या दिवसापेक्षा दुप्पट जाड होती. अशा गढूळ पाण्यात डोंगरावरची घाण आणि जंतू उतरलेले असतात.

आंटी गळ न टाकताच सामान गाडीत भरत होत्या. लेक टॉवेल खांद्यावर टाकून काठाशी बसली होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग ती उठली, टॉवेल दोरीवर परत टाकला आणि ओल्या तंबूच्या खुंट्या उपटायला लागली.