सायन्सच्या की आर्ट्सच्या?

हा प्रश्न मला लग्नाच्या बोलणीत विचारला गेलाय, नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेलाय, आणि परवा प्रतापनगरात पिठाच्या गिरणीवर दळण होईपर्यंत शेजारच्या काकांनीही विचारला. 'एम. एस्सी. जिऑलॉजीत, पीएच. डी. पुरातत्त्वात. म्हणजे तुम्ही नक्की सायन्सच्या की आर्ट्सच्या?' त्याच्यामागून दुसरा येतोच: 'एवढं सायन्स सोडून इकडे कशाला आलात?' दर वेळी मी हसून विषय बदलते आणि घरी येऊन चिडते. काका, तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मी काहीही सोडलेलं नाही.

जुनापाणीची दगडी वर्तुळं नागपूरकरांना नवीन नाहीत. काटोल रोडने जाताना गाडी थांबवून बघितलेली असतात. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आता त्या काळाबद्दल आपल्याला जे कळलंय ते कोणी कळवलं, ते बघा. इथून जवळच माहुरझरीला, अशाच वर्तुळांत, माणसांबरोबर घोडे पुरलेले निघाले. ते घोडेच आहेत हे हाडं वाचणारा सांगतो. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. तिथली मळी, म्हणजे लोखंड गाळून उरलेला गाळ, हातात घेऊन भट्टी किती तापली असेल, याचा अंदाज धातुशास्त्रवाला बांधतो. काळ ठरवायचा तर कोळसा लागतो, कारण कार्बन १४ दगडात मोजून उपयोग नाही. एकदा जिवंत असलेलं काहीतरी हवं. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. त्यांच्या दिशा मोजून आकाशाशी काही संबंध लागतो का, हे बघायला खगोलवालेही येऊन गेले. आणि भांड्यांच्या काठाचा बाक बघून 'ही तिकडच्या भांड्यांच्या नात्यातली' असं सांगणारा माणूस कुठल्या खोलीत बसवायचा? त्याच्याकडे यंत्र नाही. हजारो खापरं हाताळलेले हात आहेत.

मी वाद घालायला लागले की स्टीफन हिस्लॉपचं नाव पुढे करते. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, ते. मिशनरी म्हणून १८४५ साली नागपूरला आले. इथले जीवाश्म गोळा केले, खडकांवर लिहिलं, आणि गोंडांकडून त्यांच्या आदिपुरुषाचं, लिंगोचं गाणंही उतरवून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघून परतताना नदीत बुडून गेले. आदिवासींवरचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपना कोणी विचारलं असतं का, सायन्स की आर्ट्स?

खरं सांगायचं तर हे उदाहरण मी जिंकण्यासाठी वापरते, आणि ते पुरतं लागू पडत नाही. तेव्हा एका माणसाला हे सगळं झेपत होतं, कारण प्रत्येक शाखेत माहीत असलेलंच थोडं होतं. आज एका नागपुरात कापसावर आयुष्य घालवणारी माणसं वेगळी, संत्र्यावर घालवणारी वेगळी. अमरावती रोडवर नुसत्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आहे. नीरीत, म्हणजे पर्यावरणावरच्या राष्ट्रीय संस्थेत, पाण्यावरची माणसं हवेवर बोलताना जपून बोलतात. हे बरोबरच आहे. खोल जायचं तर अरुंद खणावं लागतं. मी दोन ठिकाणी खणते, म्हणून दोन्हीकडे उथळ राहिले असेन, ही भीती मला आहे. ती तुमच्या प्रश्नामुळे आलेली नाही, आधीपासूनची आहे.

आणि हाच प्रश्न मीही एकदा विचारला होता. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका चर्चासत्रात एक संशोधक बाई जात्यावरच्या ओव्यांवर बोलल्या. बारा वर्षं गावोगाव फिरून त्यांनी त्या उतरवून घेतल्या होत्या. प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. म्हटलं, 'हेच काम उद्या दुसऱ्या कोणी केलं तर हाच निष्कर्ष निघेल का? नसेल, तर याला संशोधन का म्हणायचं?' मागच्या रांगांत हशा पिकला. बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, 'नाही निघणार.' मग खाली बसल्या. मला वाटलं, मी जिंकले.

त्या मुलीशी मी आजही भांडते. तिला सांगते, अगं, पोथ्यांवर काम करणाऱ्यांची शिस्त तू बघितलीच नव्हतीस. वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्र' संपादित केलं, १९७८ साली प्रसिद्ध झालं. अशा कामात पोथ्या शेजारी ठेवून पाठ ताडून बघतात. दोन पोथ्यांत एकच चूक, तीही सहजासहजी न होणारी, एकाच जागी सापडली, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असाव्यात असं धरतात. अशा चुकांवरून पोथ्यांची वंशावळ बांधतात. जीवशास्त्रवाले प्राण्यांच्या वंशावळी बांधतात त्यातलं तत्त्व फार लांबचं नाही. आणि 'पुन्हा करून बघा' म्हणशील, तर उत्खनन कुठे पुन्हा करता येतं? एकदा खणलं की ती जागा संपली. उरते ती वही.

यावर ती मुलगी मला म्हणते, 'ठीक. पण ओव्यांचं काय? तिथे कोणती चूक, कोणती वंशावळ?' आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तिचा प्रश्न चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तिने तो ज्या सुरात विचारला, त्याची मला लाज वाटते.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

पीएच. डी.च्या तिसऱ्या वर्षी कळमेश्वरच्या बाजूला एका शेतात काम करत होते. संरक्षित यादीत नसलेलं, खासगी शेताच्या धुऱ्याला लागून असलेलं वर्तुळ. संरक्षित ठिकाणी दगडाला हात लावता येत नाही. इथे शेतमालकाची लेखी परवानगी घेतली होती. वर्तुळातले दगड जवळच्या टेकडीवरचे की लांबून आणलेले, हे मला ठरवायचं होतं. त्यासाठी दगडाचा तुकडा लागतो. तो काचेवर चिकटवतात, घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं बघतात. सात दगडांचे तुकडे घेतले. आठवा दगड पूर्वेकडचा, सगळ्यांत मोठा. त्याच्या तोंडावर शेंदूर होता, पायाशी सुकलेलं लिंबू. वहीत मी लिहिलं: 'पृष्ठभाग अलीकडे दूषित.' शेंदूर नको म्हणून मागच्या बाजूने हातोडा मारला. सुपारीएवढा तुकडा निघाला. वरून दगड तपकिरी, पावसापाण्याने मेलेला; फुटल्यावर आत निळसर काळा, ओला असल्यासारखा चमकणारा. ताजा बेसॉल्ट असाच दिसतो. मला तो रंग फार आवडतो. भिंग लावून मी तिथेच बघत बसले.

मागून आवाज आला, 'कोनाले इचारून फोडला, बाई?'

सत्तरीच्या आजी होत्या. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. मी परवानगीचा कागद काढला, मालकाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, 'वावर त्याचं हाय जी. ह्यो त्याचा नाही.' भारा खाली टाकून त्या दगडाच्या मागे गेल्या आणि फुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. जखम चाचपतात तसा. म्हणाल्या, 'आतून असा काळा हाय, मले नाही ठाऊक. पन्नास वर्सं पाया पडते.' आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, भारा उचलून गेल्या. मी तुकडा पिशवीत टाकला, क्रमांक टाकला, आणि उरलेले चार दगडही पूर्ण केले. हे लिहिताना हात जड होतोय, पण केले.

तुकड्यांचा निकाल साधा निघाला: सगळे दगड त्याच टेकडीचे. प्रबंधात त्याचे साडेचार पानांचे कोष्टक आणि एक वाक्य आहे. शेंदराबद्दल, लिंबाबद्दल, त्या आजींबद्दल एक ओळही नाही. मी एक परिच्छेद लिहिला होता. मार्गदर्शकांनी काढायला लावला. 'हे लोकसंस्कृतीवाल्यांचं काम. तुमचा विषय भरकटेल.' मी काढला. त्यांना दोष देत नाही. चाचणी लावली असती तर तो परिच्छेद टिकला नसता. त्यात माझी अपराधी भावनाच जास्त होती, माहिती कमी.

पुढच्या हिवाळ्यात उरलेला तुकडा परत द्यायला गेले. आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुकडा हातावर ठेवला. त्यांनी उलटापालटा करून बघितला.

'मंग, काही कळलं तुमाले?'

'हो आजी. हे दगड बाहेरचे नाहीत. त्या टेकडीवरचेच आहेत.'

'ते तं आमाले ठाऊकच हाय. टेकडीवरूनच आनले.'

'कोणी आणले?'

'आमच्या लोकायनं. दुसरं कोन आनन?'

मी वही काढली होती. लोहयुगातली ती माणसं आणि आजींचे लोक यांच्यामध्ये अडीच हजार वर्षांच्या आसपासचं अंतर. ते भरून काढणारा एकही पुरावा माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. जिऑलॉजीत शिकलेलं सगळं मला सांगत होतं की हे वाक्य पुरावा नाही. आणि त्या टेकडीचं बरोबर उत्तर त्यांना माझ्या आधीपासूनच ठाऊक होतं, हेही समोर होतं. मी त्यांचं वाक्य त्यांच्याच बोलीत, तारीख टाकून लिहून घेतलं. काका, ते वाक्य दगडांच्या नमुन्यांच्या यादीत घालायचं की मुलाखतींच्या, हे तुम्ही मला सांगा. गेली सात वर्षं ते दोन्ही वह्यांत आहे.

तुकडा त्यांनी परत घेतला नाही. म्हणाल्या, 'आता तो तुमचाच. इचारून नेला असता तं गोष्ट वेगळी होती.'