मेलमधल्या लिंक उघडेनात, आणि जो तो म्हणतो ‘फॉरमॅट मारा’

डेस्कटॉपचा पंखा घरघरायला लागला म्हणून मशीन कोपऱ्यावरच्या दुकानात दिलं. पंखा साफ झाला, आवाज गेला. परत देताना मुलगा कौतुकाने म्हणाला, “काका, रजिस्ट्री क्लीनर पण मारून दिलाय. जुने दोन-तीन प्रोग्रॅम पडून होते, तेही काढले. आता पळेल बघा.” (रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्ज आणि प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी वही; क्लीनर तिच्यातल्या निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदी पुसतो.) न सांगता केलेल्या कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत, एवढंच काय ते बरं.

मी घरून प्रुफं तपासतो. मेलमध्ये फाइलची लिंक येते, ती दाबायची आणि कामाला लागायचं. त्या संध्याकाळी आउटलुकमध्ये लिंक दाबली तर इंग्रजीत चौकट उमटली. मतलब असा: तुमच्या संस्थेच्या धोरणांमुळे ही कृती पूर्ण करता येत नाही, अधिक माहितीसाठी हेल्पडेस्कशी संपर्क साधा. खाली एकच ‘ओके’चं बटण. कसली संस्था? घरात मी आणि बायको. धोरणं ती ठरवते हे खरं, पण लिंकवर तिने बंदी घातल्याचं मला तरी माहीत नव्हतं.

जुन्या आवृत्त्यांत हीच चौकट ‘या संगणकावरील निर्बंधांमुळे’ असं म्हणते आणि सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे पाठवते. दोन्हींचा रोख एकच, आणि दोन्ही दिशाभूल करतात. घरच्या मशीनवर निर्बंध कुणीच घातलेले नसतात.

दुकानात फोन केला. “काका, व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाकू.” म्हटलं, अरे, तीच लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकली की उघडते, मग व्हायरस कसला? “मग ऑफिस करप्ट झालंय. फॉरमॅटच मारावं लागेल.” ऑफिसची, म्हणजे आउटलुक, वर्ड, एक्सेल ज्यात येतं त्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची, दुरुस्तीही करून पाहिली, ‘ऑनलाइन रिपेअर’सकट. ढिम्म. सेटिंग्जमध्ये जाऊन डिफॉल्ट ब्राउझर बदलला, पुन्हा होता तो केला. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं, म्हणून तुम्ही आधी हेच करा. माझं भागलं नाही. पुन्हा फोन, पुन्हा फॉरमॅट. वर्षानुवर्षांच्या फाइली, बसवलेले फाँट, मराठी कीबोर्डची मांडणी हे सगळं एका लिंकपायी पुसायचं? या माणसाला दुसरं औषधच ठाऊक नव्हतं.

धागा सापडला तो वर्डमुळे. वर्डमधली लिंकही उघडेना, एक्सेलमधलीही नाही. पण विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबून येणाऱ्या ‘रन’च्या चौकटीत तोच पत्ता टाकला की ब्राउझर निमूट उघडायचा. म्हणजे इंटरनेट ठीक, ब्राउझर ठीक, अडतंय फक्त ऑफिसचं. ऑफिसची गंमत अशी, की वेबचा पत्ता उघडताना ते ‘डॉट एचटीएमएल’ ही वेबपानाची फाइल कोण उघडतं याचीही नोंद रजिस्ट्रीत बघतं. ती नोंद तुटकी असली की थेट धोरणांची पाटी.

मग ‘रेजएडिट’ (रजिस्ट्री बघायचा-बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्रॅम) उघडलं. त्यात एच-की करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस असं उतरत गेलो. तिथे ‘डॉट एचटीएमएल’वर टिचकी मारली, तर उजवीकडे ‘डिफॉल्ट’समोर एका जुन्या ब्राउझरचं नाव बसलेलं! दुकानात काढलेल्या प्रोग्रॅमांतलाच तो एक. त्याच्या बाकीच्या नोंदी क्लीनरने कचरा समजून झाडल्या होत्या, आणि ही पाटी मात्र घरमालक गेला तरी दारावर तशीच. ‘डिफॉल्ट’वर दोनदा क्लिक केलं, जुनं नाव खोडून ‘एचटीएमएलफाइल’ लिहिलं (इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही). ‘डॉट एचटीएम’लाही तेच. आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं, लिंक दाबली आणि फाइल समोर! एवढ्याशा दुरुस्तीसाठी हा गडी अख्खं मशीन धुवायला निघाला होता.

हात लावण्याआधी त्या नोंदीवर उजवं क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर क्लीनरच्या आधीच्या तारखेला परतणं सगळ्यात सोपं. विंडोज 10मध्ये ते बऱ्याचदा मुळातच बंद असतं, माझंही होतं. काही क्लीनर पुसण्यापूर्वी बॅकअप घ्यायचा का असं विचारतात. ‘हो’ म्हटलेलं असेल तर डॉक्युमेंट्समध्ये ‘डॉट रेग’ फाइल सापडेल, तिच्यावर डबल क्लिक केलं की जुन्या नोंदी परत. आमच्या मुलाने ‘नाही’च दाबलं असणार. आणि मशीन खरोखर नोकरीच्या ठिकाणचं असेल तर हे काही न करता तिथल्या आयटीवाल्यांनाच गाठा, तिथे धोरण खरंच असू शकतं.

क्लीनरने मशीन पळतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. रजिस्ट्री क्लीनरला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय.

परवा कीबोर्ड बदलायला पुन्हा त्याच दुकानात जावं लागलं, जवळ दुसरं नाही. या खेपेला सीपीयू घरीच ठेवला.